सुझान लेंग्लेन: हौशी टेनिसच्या चौकटीत न मावलेली विजेती

फ्रेंच ओपनमध्ये महिला एकेरी जिंकणाऱ्या खेळाडूला मिळणाऱ्या चषकाला सुझान लेंग्लेनचे नाव आहे आणि रोलाँ गारोसमधील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे कोर्टही तिच्याच नावाने ओळखले जाते. मे-जून उजाडला की हे नाव समालोचनात दिवसभर कानी पडते. पण त्या पलीकडे तिच्याविषयी जे सांगितले जाते, ते बहुधा तिचा पोशाख, सामन्याच्या मध्यात तिने घेतलेले ब्रँडीचे घोट आणि तिचे रुसवेफुगवे यांच्याभोवतीच फिरते. मला मात्र असे ठामपणे वाटते की तिच्या आयुष्यातील सर्वांत धाडसी कृती ऑगस्ट १९२६ मध्ये घडली. त्या महिन्यात तिने हौशी टेनिसचा त्याग करून पैसे घेऊन खेळण्याचा करार केला. तिचे आधीचे आयुष्य या निर्णयापर्यंत कसे येऊन पोहोचले, हे नीट मांडावे, या हेतूने हा धागा काढत आहे.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील शार्ल यांना घोड्यांच्या प्रवासी गाड्यांचा व्यवसाय वारशाने मिळाला होता, त्यामुळे घरात सुबत्ता होती. मुलगी लहानपणापासून दम्याने बेजार असे. तिच्या फुफ्फुसांना व्यायाम मिळावा म्हणून १९१० मध्ये, ती अकरा वर्षांची असताना, वडिलांनी तिला पहिली रॅकेट आणून दिली. कॉम्पिएन्यजवळच्या मारे-स्युर-मात्झ या गावातील घरी आणि हिवाळ्यात नीस येथे तिचा सराव चाले. थोड्याच दिवसांत वडिलांच्या लक्षात आले की मुलीची नजर आणि पाय असामान्य आहेत, आणि मग औषध म्हणून सुरू झालेल्या खेळाचे शिस्तबद्ध शिक्षणात रूपांतर झाले. शार्ल स्वतः मोठे खेळाडू नव्हते, तथापि त्यांनी त्या काळच्या उत्तम पुरुष खेळाडूंचे निरीक्षण केले आणि बायकांनी बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, संथपणे चेंडू परतवत राहावे हा संकेत बाजूला सारून मुलीला पुरुषांसारखा आक्रमक खेळ शिकवला. कोर्टावर ठिकठिकाणी रुमाल अंथरून त्यावर नेमका चेंडू टाकायला ते सांगत, आणि ते जमेपर्यंत सराव थांबत नसे. सुझानच्या खेळातील अचूकता या सरावातून आली होती. तिला उपजत देणगी म्हणून सोडून देणे म्हणजे त्या मुलीच्या कष्टांचा अनादर करणे होय.

१९१४ मध्ये फ्रेंच अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत मार्गरित ब्रोकेदी या ऑलिंपिक विजेतीकडून ती हरली. पण त्याच वर्षी, नुकतीच पंधरा वर्षे पूर्ण झालेली असताना, सँ-क्लू येथे झालेली जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा तिने जिंकली. लगेच महायुद्ध सुरू झाले आणि मोठ्या स्पर्धा बंद पडल्या. तिच्या वाढीची पाच वर्षे अशी गेली, आणि तरीही १९१९ मध्ये विम्बल्डनला ती आली तेव्हा ती पूर्ण तयारीची खेळाडू होती.

त्या वर्षीच्या अंतिम लढतीवर थोडे थांबून लिहावेसे वाटते. त्या काळी आदल्या विजेतीला सर्व फेऱ्या खेळाव्या लागत नसत. बाकीच्यांमधून जी वर येईल तिने विजेतीला आव्हान द्यायचे, अशी पद्धत होती. समोर डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स होत्या. वय चाळीस, विम्बल्डनची सात विजेतेपदे नावावर, आणि पहिले विजेतेपद मिळाले तेव्हा सुझान अवघी चार वर्षांची. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी प्रेक्षकांत होते. सुझानने पहिला सेट १०-८ असा घेतला, चेंबर्सबाईंनी दुसरा ६-४ असा परत मिळवला. तिसऱ्यात सुझान ४-१ अशी पुढे गेली आणि तिथून चेंबर्सबाईंनी एकेक गेम खेचत आणत ६-५, ४०-१५ अशी आघाडी घेतली. म्हणजे जिंकायला फक्त एक गुण आणि त्यासाठी दोन संधी. पहिल्या संधीला सुझानच्या रॅकेटच्या लाकडी कडेला लागलेला चेंडू जाळीवर आदळून पलीकडे पडला. दुसऱ्या वेळी मात्र तिने बॅकहँडचा फटका थेट रेषेलगत मारला. नशिबाने दिलेल्या आधारानंतर लगेच इतका नेमका फटका मारण्यासाठी जे धैर्य लागते, ते वीस वर्षांच्या मुलीत होते. तिने तो सेट ९-७ असा जिंकला. एकूण ४४ गेमचा हा सामना विम्बल्डनच्या महिला एकेरीची गेमसंख्येने सर्वांत मोठी अंतिम लढत म्हणून १९७० पर्यंत टिकून राहिला.

पोशाखाची गोष्ट याच सामन्यात सर्वांच्या डोळ्यांत भरली. चेंबर्सबाई घोट्यापर्यंतचा स्कर्ट आणि लांब बाह्यांचा सदरा घालून खेळल्या, तर सुझान कॉर्सेट न घालता, आखूड बाह्यांच्या आणि पोटरीपर्यंतच्या हलक्या पोशाखात उतरली. पुढे झाँ पातू या पॅरिसच्या वस्त्रकाराने तिच्यासाठी खास कपडे शिवले, आणि कपाळावरून बांधलेली तिची रंगीत पट्टी ही तर फॅशनच झाली. पण त्यामागे खेळाची निकड होती, हे विसरू नये. जी स्त्री उडी मारून व्हॉली घेते, म्हणजे चेंडू टप्पा पडण्याआधीच मारते, आणि दोन पावलांत कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते, तिला बरगड्या आवळणाऱ्या कपड्यांत श्वास तरी कसा घेता येणार?

यानंतरची सहा-सात वर्षे यशाची आहेत आणि ती झरझर सांगता येतात. १९१९ ते १९२३ आणि १९२५ अशी विम्बल्डन एकेरीची सहा विजेतेपदे. एलिझाबेथ रायन हिच्या साथीने त्याच सहा वर्षी दुहेरीचीही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये एकेरीचे सुवर्ण, आणि त्या संपूर्ण स्पर्धेत तिने फक्त चार गेम गमावले. मिश्र दुहेरीत ज्येष्ठ फ्रेंच विजेता मॅक्स देक्युजी याच्यासह आणखी एक सुवर्ण. फ्रेंच अजिंक्यपदेही सहा. १९२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या सर्व फेऱ्या मिळून तिने पाच गेम दिले. तिला पाहण्यासाठी लोटणारी गर्दी जुन्या मैदानात मावेनाशी झाली होती, आणि १९२२ मध्ये विम्बल्डन चर्च रोडवरील आजच्या जागी हलले त्यामागे त्या गर्दीचा मोठा वाटा होता.

आणि इतके करूनही नियमानुसार तिला या खेळातून एक फ्रँकही घेता येत नव्हता. तिकिटांचे पैसे क्लबांचे आणि संघटनांचे. १९२६ मध्ये अमेरिकी आयोजक सी. सी. पाइल याने दौऱ्यासाठी ५०,००० डॉलरचा करार पुढे केला आणि तिने तो स्वीकारला. ९ ऑक्टोबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे १३,००० प्रेक्षकांसमोर पहिला सामना झाला. विम्बल्डनच्या क्लबने तिचे मानद सदस्यत्व काढून घेतले. तिने त्या वेळी जाहीरपणे मांडलेला मुद्दा असा होता की आपण या खेळाला लाखो मिळवून दिले, आयुष्यभर कुणाही व्यावसायिकाइतकेच कष्ट केले, आणि ज्यात आपले सगळे शिक्षण झाले त्या विद्येतून आपल्याला काहीच मिळालेले नाही. मला या मुद्द्यात एकही खोट दिसत नाही. जाणकारांनी आपली मते अवश्य मांडावीत.

प्रतिसाद

लेख आवडला. परंतु शार्ल लेंग्लेन यांच्याविषयी आपण फार मवाळ लिहिले आहे, असे वाटते. मुलीचा खेळ मनासारखा झाला नाही की ते सर्वांसमक्ष तिला बोलत. सामना चालू असताना बाजूला बसून हातवारे आणि सूचना चालत. आणि ती थकू लागली की कोन्यॅकमध्ये बुडवलेले साखरेचे खडे तिच्याकडे पोहोचवले जात. १९१९ च्या ज्या अंतिम लढतीचे आपण वर्णन केले आहे, त्यातही हे घडले होते. दमेकरी मुलीच्या शरीरावर आणि मनावर या सगळ्याचा काय परिणाम झाला असेल, याचा विचार तिच्या नंतरच्या आजारपणांकडे पाहताना करायला हवा. वडिलांनी तिला घडवले हे मान्य, पण सामना हरणे हा गुन्हा आहे अशी भीतीही तिच्यात त्यांनीच रुजवली. १९२१ मध्ये अमेरिकेत सामना अर्धवट सोडून ती रडत बाहेर गेली, त्याचे मूळ मला याच भीतीत दिसते.

धागाकर्त्याचे उत्तर

आपला आक्षेप रास्त आहे. शार्ल यांची शिस्त कठोर होती आणि तिच्या मनावरचा ताण त्यांनी कमी केला नाही, उलट वाढवला. मला एवढेच म्हणायचे आहे की त्या शिस्तीतून जी कला निर्माण झाली, ती शेवटी सुझानची स्वतःची होती. वडील आजारी पडल्यावर, १९२६ चा निर्णय तिने घेतला तेव्हा, ती कुणाच्या हातवाऱ्यांवर चालत नव्हती. शार्ल १९२९ मध्ये वारले.

१९२१ च्या प्रसंगाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्सच्या प्रदेशांसाठी निधी उभारण्याच्या हेतूने ती अमेरिकेला गेली. वडील सोबत नव्हते, आई होती. समुद्रप्रवास त्रासाचा झाला, पोहोचायला उशीर झाला आणि विश्रांतीला वेळ उरला नाही. त्या काळी मानांकनाची, म्हणजे बलवान खेळाडूंना सोडतीत एकमेकांपासून दूर ठेवण्याची, पद्धत नसल्याने सोडतीत दुसऱ्याच फेरीत तिच्यासमोर मोला मॅलरी आली, जी अमेरिकेची अनेक वेळची विजेती होती; आणि पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी न खेळल्यामुळे हाच सुझानचा तिथला पहिला सामना ठरला. पहिला सेट तिने २-६ असा गमावला, खोकल्याची उबळ थांबेना, आणि दुसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच ती रडत कोर्टाबाहेर गेली. प्रेक्षकांनी तिची हेटाळणी केली. युद्धानंतरच्या तिच्या हौशी कारकिर्दीतील एकेरीचा हा एकमेव पराभव. दमेकरी खेळाडूची खोकल्याची उबळ खोटी मानण्याइतके निष्ठुर आपण तरी होऊ नये. पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत तिने त्याच मॅलरीला ६-२, ६-० असे हरवले, आणि तो सामना अर्ध्या तासाच्या आत संपला.

प्रतिसाद

१६ फेब्रुवारी १९२६ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील, म्हणजे रिव्हिएरावरील, कान या शहरात झालेल्या सामन्याचा उल्लेख लेखात नाही याचे आश्चर्य वाटले, कारण आपल्या मुद्द्याला सर्वांत भक्कम आधार तोच आहे. हेलन विल्स ही वीस वर्षांची अमेरिकी विजेती, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची सुवर्णपदक विजेती. त्या ऑलिंपिकला सुझान काविळीमुळे मुकली होती, तेव्हा दोघींची गाठ आजवर पडली नव्हती. विल्स हिवाळ्यात रिव्हिएराला आली ती सुझानशी खेळण्यासाठीच, आणि कार्लटन क्लबच्या कोर्टावर दोघी अंतिम फेरीत समोरासमोर आल्या. तिकिटे चढ्या भावाने विकली गेली. ज्यांना ती मिळाली नाहीत ते शेजारच्या घरांच्या छपरांवर आणि झाडांवर चढून बसले. जगभरातून वार्ताहर आले होते.

सुझानने पहिला सेट ६-३ असा घेतला, पण दुसऱ्यात विल्सच्या जोरदार फटक्यांपुढे तिची दमछाक होऊ लागली. तरीही ६-५, ४०-१५ या गुणसंख्येवर सामना तिच्या हाती आला. विल्सचा फटका कोपऱ्यात पडला, ‘आउट’ अशी आरोळी ऐकू आली, दोघींनी जाळीपाशी हस्तांदोलन केले आणि लोक कोर्टावर धावले. तेवढ्यात रेषापंच लॉर्ड चार्ल्स होप यांनी पंच हिलियर्ड यांच्याकडे येऊन सांगितले की आरोळी आपली नव्हती, ती प्रेक्षकांतून आली होती आणि चेंडू आतच पडला होता. सामना पुन्हा सुरू करावा लागला. जिंकल्याच्या भावनेतून उतरून पुन्हा खेळायला उभे राहणे किती कठीण असते, हे कोणत्याही खेळाडूला विचारावे. विल्सने तो गेम घेऊन ६-६ अशी बरोबरी साधली. सुझानने एकाही शब्दाने तक्रार न करता पुढचे दोन्ही गेम जिंकून ८-६ असा सेट संपवला आणि मग बाकावर बसून ती रडली. तिला नाजूक मनाची म्हणणाऱ्यांनी हे शेवटचे दोन गेम जरूर लक्षात घ्यावेत.

आणि त्या दिवशी तिकिटांचा जो गल्ला जमला, त्यातील काहीही या दोन खेळाडूंच्या वाट्याला येणार नव्हते.

प्रतिसाद

आर्थिक अन्यायाचा मुद्दा थोडा ताणला जात आहे, असे मला वाटते. सुझान गरीब नव्हती. रिव्हिएरावर तिचे राहणे ऐषआरामाचे होते, उंची हॉटेलांचे दरवाजे तिला उघडे होते, पातूसारखा वस्त्रकार तिला कपडे शिवून देत होता. हौशी म्हणवणाऱ्या नामवंतांना आयोजक आडमार्गाने बरेच काही देत, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. शिवाय १९२६ च्या विम्बल्डनमध्ये राणी मेरीला ताटकळत ठेवल्याचा जो गहजब झाला, त्यानंतर हौशी टेनिसमध्ये तिला पूर्वीचा मान उरला नव्हता. तेव्हा तिचा निर्णय तत्त्वातून आला की परिस्थितीतून, हा प्रश्न उरतोच.

धागाकर्त्याचे उत्तर

दोन्ही मुद्द्यांवर सविस्तर लिहितो, कारण माझ्या दृष्टीने या धाग्याचे मर्म इथेच आहे.

आडमार्गाने मिळणारी सोय आणि उघडपणे मिळणारा मोबदला यांत मोठे अंतर आहे. सोय देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो, आणि घेणाऱ्याला त्याच्या मर्जीत राहावे लागते. हौशी टेनिसची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते बहुतेक सधन गृहस्थ होते; ज्याला पोटासाठी काम करावे लागत नाही त्यालाच हा नियम परवडत होता. दहा वर्षे रोज तासन्‌तास सराव करणाऱ्या माणसाचे काम जर श्रीमंतांच्या कृपेवरच चालणार असेल, तर त्याला स्वतंत्र माणूस म्हणता येत नाही. सुझान ऐषआरामात राहिली हे खरे, पण तो ऐषआराम तिच्या हक्काचा नव्हता. १९२६ च्या विम्बल्डनने तिला हेच दाखवून दिले.

त्या प्रसंगात घडले ते असे. सुझानची समजूत होती की त्या दिवशी तिला दुपारी फक्त दुहेरीचा सामना खेळायचा आहे. आयोजकांनी त्याआधी एकेरीचा सामनाही लावला, आणि हा बदल तिच्यापर्यंत नीट पोहोचला नाही. ती मैदानावर आली तेव्हा राणी येऊन वाट पाहत होती आणि पदाधिकारी संतापले होते. तिला कठोर शब्दांत सुनावण्यात आले, ती खोलीत कोसळून रडू लागली, आणि फ्रेंच टेनिसपटू झाँ बोरोत्राला मध्यस्थी करावी लागली. पुढे तिने दुहेरीचा सामना खेळला. इतकी वर्षे जिच्या साथीने जिंकली ती एलिझाबेथ रायन या वेळी समोर होती, कारण फ्रेंच संघटनेने सुझानला फ्रेंच जोडीदार घ्यायला लावला होता. तो सामना ती हरली आणि अखेर तिने स्पर्धेतूनच माघार घेतली. वृत्तपत्रांनी सगळा दोष तिच्या माथी मारला. सात वर्षे ज्या स्पर्धेचे स्टँड तिने भरले, तिथे तिची बाजू घ्यायला एकही अधिकारी पुढे आला नाही.

तेव्हा निर्णय परिस्थितीतून आला हे मला पूर्ण मान्य आहे. तत्त्व बहुधा असेच अनुभवातून सापडते. म्हणून ते कमअस्सल ठरत नाही.

प्रतिसाद

या चर्चेत मेरी ब्राउनचा उल्लेख व्हायला हवा. १९१२ ते १९१४ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेचे विजेतेपद मिळवणारी ही खेळाडू पाइलच्या दौऱ्यात सुझानची कायमची प्रतिस्पर्धी होती. तेव्हा तिचे वय पस्तीस होते. अमेरिकेबरोबर कॅनडा आणि क्युबामध्येही सामने झाले, आणि दौऱ्यातील सर्व ३८ सामने सुझानने जिंकले. रोज रात्री नव्या गावात, सभागृहात अंथरलेल्या पृष्ठभागावर, प्रकृती धड नसताना ती खेळली. आपले पैसे प्रामाणिकपणे कमावणे म्हणजे काय, हे या दोघींनी दाखवले. त्याच दौऱ्यात व्हिन्सेंट रिचर्ड्ससारखे पुरुष खेळाडूही होते, परंतु लोक मुख्यतः सुझानला पाहायला येत. पुरुष आणि स्त्रिया एकत्र असलेल्या दौऱ्याचे प्रमुख आकर्षण एक स्त्री असणे, हे १९२६ साली घडले आहे.

प्रतिसाद

तिच्या अखेरच्या वर्षांबद्दल थोडे लिहितो. तिने पॅरिसमध्ये टेनिस शाळा काढली आणि १९३० च्या दशकात तिथे मुलांना शिकवले. लहानपणी स्वतः जी कठोर तालीम सोसली, त्यातील अचूकतेचा आग्रह तिने ठेवला आणि तो पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवला. १९३८ च्या जूनमध्ये तिला रक्ताचा गंभीर आजार असल्याचे निष्पन्न झाले आणि ४ जुलै १९३८ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, ती गेली. पॅरिसजवळ सँत-ऊआँ येथील दफनभूमीत तिला पुरले आहे.

रोलाँ गारोस स्टेडियमविषयी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. ते १९२८ मध्ये डेव्हिस चषक या देशोदेशींच्या पुरुष संघांच्या स्पर्धेसाठी, म्हणजे बोरोत्रा, ब्रुन्यों, कोशे आणि लाकोस्त या चौघांनी अमेरिकेकडून जिंकून आणलेला चषक राखण्यासाठी, बांधले गेले. तोवर सुझानने हौशी टेनिस सोडले होते, त्यामुळे फ्रेंच अजिंक्यपदाचा एकही सामना ती त्या मैदानावर खेळली नाही. चषकाला तिचे नाव १९७९ पासून आहे, तर १९९४ मध्ये बांधलेल्या कोर्टाला ते १९९७ मध्ये दिले गेले.

धागाकर्त्याचे उत्तर

आपल्या माहितीबद्दल मनःपूर्वक आभार. तिने जी मागणी केली होती तिचे पुढे काय झाले, एवढेच जोडतो. मोबदला घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या खेळाडूंना एकत्र खेळू देणारी पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा मे-जून १९६८ मध्ये रोलाँ गारोसवरच झाली, म्हणजे सुझानच्या कराराला तेव्हा जवळजवळ ४२ वर्षे होत आली होती. त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनने प्रथमच रोख बक्षिसे दिली. पुरुष विजेत्या रॉड लेव्हरला २,००० पौंड मिळाले आणि महिला विजेत्या बिली जीन किंगला ७५०. ही दरी मिटून विम्बल्डनमध्ये दोघांना समान रक्कम मिळायला २००७ साल उजाडले.